वही मुलींकडे, पाना मुलांकडे

पत्र

ऐरोलीतल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत मी विज्ञान शिकवतो. शाळेत टिंकरिंग लॅब आहे आणि आठवी-नववीची रोबोटिक्स टीम माझ्याकडे आहे. टीममध्ये दहा जण, त्यांत चार मुली. मी मुलगा-मुलगी असा भेद कधी केला नाही. पहिल्याच दिवशी 'कोणाला काय करायचंय?' असं विचारलं, तर मुलींनी स्वतःहून प्रोजेक्टची वही, पोस्टर आणि सादरीकरण घेतलं. जोडणी, वायरिंग, कोडिंग आणि रोबो चालवणं मुलांकडे गेलं. मागच्या आंतरशालेय स्पर्धेत परीक्षकांनी सादरीकरण करणाऱ्या मुलीला विचारलं, "तुमचा ग्रिपर थरथरतोय, कशामुळे?" ग्रिपर म्हणजे रोबोचा वस्तू पकडणारा पंजा. तिने वळून मुलांकडे पाहिलं. परतताना बसमध्ये ती कोणाशी बोलली नाही. त्यानंतर एका मुलीला सोल्डरिंग शिकवायला घेतलं, तर तिच्या आईचा फोन आला, "सर, हात भाजला तर? मुलीची जात आहे." शेवटी मीच सोल्डर करून दिलं. आता पुढची स्पर्धा तीन महिन्यांवर आहे. मुलींना आवड नसेल तर जबरदस्ती करावी का? की मुलींची वेगळी टीम काढू? आणि रोबो चालवायला मुलगी दिली आणि हरलो, तर बाकीच्या मुलांना काय सांगू?

उत्तर

सर, स्पर्धेच्या गडबडीत त्या मुलीचं वळून पाहणं तुमच्या नजरेतून सुटलं नाही आणि बसमधली तिची शांतताही तुम्हाला खटकली. टीम सांभाळणाऱ्याकडे ही नजर असेल तर बाकीचं शिकता येतं.

आधी त्या ग्रिपरचं बोलू. ग्रिपर उघडबंद करणाऱ्या सर्व्हो मोटरला वीज अर्ड्युइनोच्याच, म्हणजे रोबोचं नियंत्रण करणाऱ्या बोर्डच्याच, पाच व्होल्टच्या पिनवरून दिली असेल, तर ग्रिपर वस्तू पकडायला जोर लावतो तेव्हा मोटर एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज खाली येतं आणि मोटर थरथरते. कधी कधी बोर्डच रीसेट होतो. सर्व्होला वेगळा सप्लाय द्यायचा आणि दोन्हींची ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची तार, एकमेकांना जोडायची. ग्राउंड जोडायची राहिली तरीही थरथर होते, कारण सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हेच मोटरला कळत नाही. हे उत्तर त्या मुलीला पाठ करून देणं सोपं आहे. कृपया ते करू नका. तिच्या हातात मल्टिमीटर द्या, एक टोक पाच व्होल्टच्या पिनवर आणि दुसरं ग्राउंडवर धरायला सांगा आणि ग्रिपर बंद करायला लावा. आकडा खाली येताना तिने स्वतः पाहिला की पुढच्या परीक्षकाला ती नजर चुकवणार नाही.

आता तुमच्या पत्रातल्या 'स्वतःहून' या शब्दाकडे येते. तुम्ही भेद केला नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण भेद करायला कोणी लागतच नाही, ही यातली खरी अडचण आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिश्र गट कसे काम करतात याचं निरीक्षण केलं गेलं आणि ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. उपकरणं मुलांच्या हातात जास्त वेळ होती, टिपणं आणि लॅपटॉप मुलींकडे. ही वाटणी कोणी बोलून ठरवली नव्हती. शिवाय ही तफावत मोकळीक दिलेल्या प्रयोगांत दिसली. जिथे प्रयोगाच्या पायऱ्या आखून दिल्या होत्या तिथे ती दिसली नाही. पुढे विद्यार्थ्यांना त्यांची आवड विचारली, तेव्हा उपकरणं हाताळण्याच्या आवडीत मुलगा-मुलगी असा म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

म्हणजे तुमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी जे झालं ते आवडीमुळे झालं, असं धरून चालू नका. आठवीतला मुलगा टीममध्ये येतो तेव्हा त्याने घरी सायकलची चेन चढवलेली असते, रिमोटची गाडी खोलून बघितलेली असते, आणि ती बिघडली तरी 'पोरगा उद्योगी आहे' असं कौतुक ऐकलेलं असतं. त्याच वयाच्या मुलीने 'अक्षर छान आहे, फलक तू लिही' हे पहिलीपासून ऐकलेलं असतं. मग 'कोणाला काय करायचंय?' या प्रश्नाला दोघंही आपल्याला जे येतं त्याचंच नाव घेतात. न येणाऱ्या कामासाठी सगळ्यांसमोर हात वर करायला चौदाव्या वर्षी फार धाडस लागतं.

आणि मोडण्याची भीती. शाळेची वस्तू आपल्या हातून तुटली तर काय, हा विचार मुलींच्या मनात मुलांपेक्षा आधी येतो, कारण घरात कप फुटला तरी बोलणी कोणाला बसतात हे त्यांना माहीत असतं. म्हणून पहिलं काम सांगते: लॅबमध्ये एक 'खोलून बघायचं' खोकं ठेवा. भंगारवाल्याकडून जुना प्रिंटर, बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर, कीबोर्ड, कॉम्प्युटरचा पंखा, तुटकी खेळणी आणा. एका प्रिंटरमधून मोटर, पट्टा, दातेरी चाकं आणि गुळगुळीत स्टीलचा दांडा एवढं निघतं. पहिले दोन आठवडे सगळ्यांनी फक्त खोलायचं. स्क्रूचे आटे गेले, प्लास्टिकचा खटका मोडला, तरी कोणी काही बोलायचं नाही. मात्र मायक्रोवेव्ह, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणि फुगलेली बॅटरी त्या खोक्यात येता कामा नये. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल एवढा चार्ज धरून ठेवतो.

जबरदस्तीबद्दल विचारलंत. गणितात 'मला भूमिती आवडत नाही, मी फक्त बीजगणित करते' असं कोणी म्हटलं तर तुम्ही चालवून घेता का? टीममधल्या प्रत्येकाने, म्हणजे सहाही मुलांनी आणि चारही मुलींनी, जोडणी, वायरिंग, कोड, चालवणं आणि लिहिणं ही पाचही कामं करायचीच, असा नियम करा. त्यानंतर एखादी म्हणाली की मला मांडणी करायला, बोलायलाच आवडतं, तर आनंदाने ते तिला द्या. तेव्हा ती निवड तिची असेल.

पण पाळ्या लावताना एक सांभाळा. एका दिवसाची पाळी निरुपयोगी असते. त्या दिवशी मुलगी दोन स्क्रू पिळते, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी पाना परत जुन्याच हातात जातो. मी नोकरीची बरीच वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली. सुरुवातीला माझ्याकडे ब्रेकडाउनचं रजिस्टर होतं, आणि पॅनेल उघडायची वेळ आली की मला टॉर्च धरायला मिळायचा. ते बदललं एका शिफ्ट इनचार्जमुळे. त्यांनी एक एअर कॉम्प्रेसर माझ्या नावावर केला. तो बंद पडला तर आधी मला बोलवायचं, सुट्या भागांची मागणी मी लिहायची, दुरुस्त झाल्यावर सही माझी. काही महिन्यांत त्या यंत्राचा आवाज बदलला की मला लांबून कळायला लागलं. यंत्र ओळखीचं होतं ते असं.

तुमच्या टीममध्येही हेच करा. रोबोचे भाग पाडा: चासी (सांगाडा) आणि चाकं, ग्रिपर, वायरिंग आणि बॅटरी, सेन्सर, कोड. प्रत्येक भाग दोघांच्या नावावर, निदान सहा आठवड्यांसाठी. तो बिघडला तर इतर कोणी हात लावायचा नाही. चारांपैकी दोन मुलींची एक जोडी ग्रिपरवर ठेवा. दुसऱ्या दोघींची जोडी वायरिंगवर. तीन मुलांच्या घोळक्यात एकटी मुलगी ठेवू नका; ती बघत उभी राहते. सहा आठवड्यांनी जोड्या मोडा आणि मुलं-मुली मिसळा, पण आधी त्यांच्या हातात काहीतरी आलेलं असू द्या.

वहीचं काय? वही ज्याने काम केलं त्याने त्या दिवशी लिहायची. मुलांचं अक्षर वाईट असेल तर असो. कोणता प्रयोग फसला, कशामुळे फसला, पुढे काय बदललं, हे स्वतः केलेल्या माणसालाच लिहिता येतं. फर्स्ट लेगो लीगसारख्या स्पर्धांत रोबो पळवण्याइतकंच डिझाइनमागचा विचार समजावून सांगण्याला महत्त्व असतं आणि परीक्षक कोणालाही प्रश्न विचारू शकतात. तेव्हा मुलांनाही हे यायला हवंच. मुलींनी आजवर केलेलं काम हलकं होतं असं मात्र कधी भासवू नका. त्यांनी ते नीट केलं आहे, आणि मुलांना वही कशी लिहायची हे त्याच शिकवतील.

आता मला जास्त काळजी वाटते अशा एका गोष्टीबद्दल विचारते, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही. तुमच्या टीमचं काम किती वाजता चालतं? मी पाहिलेल्या बहुतेक टीममध्ये शाळा सुटल्यावर पहिला तासभर चर्चा, सामान काढणं, कालचं कुठे राहिलं ते शोधणं यात जातो. खरं काम रंगात येतं सहानंतर. तेव्हा मुलींच्या घरून फोन सुरू झालेले असतात. दिघ्याला, रबाळ्याला जाणारी मुलगी अंधार पडायच्या आत बस पकडते आणि मुलं साडेसात-आठपर्यंत थांबतात. दुसऱ्या दिवशी ती येते तर ग्रिपर बदललेला असतो, कोड बदललेला असतो, आणि कालपर्यंत तिला जे माहीत होतं ते आज जुनं झालेलं असतं. असं चार-पाच वेळा झालं की ती आपोआप पोस्टरकडे सरकते. तिला कोणी ढकललेलं नसतं.

याला उपाय एकच, वेळेचा. लॅब उघडल्यापासून पहिला दीड तास फक्त हातकाम. चर्चा, नोंदी, पोस्टर, व्हिडिओ हे शेवटी. सहानंतर यांत्रिक किंवा विजेच्या जोडणीत काही बदलायचं नाही, म्हणजे कोणीच नाही. जास्त वेळ हवा असेल तर शनिवारी सकाळी घ्या, आणि पालकांना महिन्याचं वेळापत्रक लेखी द्या. वेळ कागदावर असली की आयांचा जीव बराच शांत होतो. किट घरी कोण नेतं तेही बघा. एकाच मुलाच्या घरी ते दर रविवारी जात असेल, तर बाकी नऊ जण सोमवारी मागे पडलेले असतात. किटच्याही पाळ्या लावा.

आणि सामान आणायला लॅमिंग्टन रोडला जाताना तुमच्याबरोबर कोण असतं? बहुतेक दोन मुलं असणार. पुढच्या वेळी मुलींना न्या, हवं तर एखाद्या आईला सोबत घ्या. ऐरोलीहून ठाणे, तिथून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, एवढाच प्रवास. दुकानात तुम्ही मागे उभे राहा. 'मेटल गिअरची सर्व्हो द्या, टॉर्क किती आहे?' हे मुलींनी विचारायचं. दुकानदार उत्तर तुमच्याकडे बघून देईल. तुम्ही काही बोलू नका. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला तो बरोबर मुलींकडे वळेल.

आता सोल्डरिंग, आणि तो फोन. आईवर रागावू नका. मुलीच्या हातावर डाग राहिला तर उद्या लग्नात कोणी काय बोलेल, ही भीती तिला तिच्या आईकडून आली आहे. पण त्याच घरात ती मुलगी तापलेल्या तव्यावर भाकरी उलटत असेल, उकळत्या तेलात पुऱ्या सोडत असेल, आणि तेव्हा 'हात भाजला तर?' असा फोन कोणी कोणाला करत नाही. आईंना हे सुनवायचं नाही, पण त्यांच्या ध्यानात येईल असं करायचं. त्यांना एका शनिवारी लॅबमध्ये बोलवा. शिसं-कथलाचं नेहमीचं सोल्डर साधारण १९० अंशांच्या आसपास वितळतं, सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशेच्या घरात ठेवतात, आणि म्हणूनच स्टँड, चष्मा, उघडी खिडकी आणि टेबलावर पंखा हे सगळं असतं, ते त्यांना दाखवा. केस बांधलेले, ओढणी बाजूला काढून ठेवलेली, पायात बंद बूट, काम झाल्यावर साबणाने हात धुणं. हे नियम मुलांनाही तेवढेच लागू आहेत, तेही दिसू द्या. मग आईंच्या हातात आयर्न देऊन एक जोड करायला लावा. ज्या बाईने स्वतःच्या हाताने सोल्डर चकाकताना पाहिलं, ती मुलीला अडवेल असं मला वाटत नाही. आणि एखादीने तरीही नकोच म्हटलं तर त्या मुलीला क्रिम्पिंग (तारेच्या टोकाला धातूचा जोड दाबून बसवणं) आणि स्क्रू टर्मिनलवर वायरिंग द्या. तेही पूर्ण विजेचं काम आहे. पोस्टरकडे परत पाठवू नका.

शेवटी तुम्हीच सोल्डर करून दिलंत, त्याबद्दल स्पष्ट बोलते. त्या दिवशी तुमचा हेतू चांगला होता, पण लॅबमध्ये हे नकळत रोज घडत असतं. मुलगा अडला की आपण विचारतो, 'तुला काय वाटतं, कुठे चुकलंय?' मुलगी अडली की आपण म्हणतो, 'थांब, मी देतो करून.' म्हणून तुमच्या लॅबला एक नियम सुचवते: मदत करणाऱ्याचे हात पाठीमागे. तो बोलू शकतो, दाखवू शकतो, फळ्यावर काढू शकतो, पण समोरच्याच्या हातातला पाना घ्यायचा नाही. तुम्हालाही हाच नियम. स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात याची खरी परीक्षा असते, कारण तेव्हा 'दे इकडे, वेळ नाहीये' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी येतं. म्हणून स्पर्धेआधी आठ दिवस डिझाइन गोठवा. त्यानंतर फक्त सराव आणि दुरुस्ती, आणि दुरुस्ती ज्याच्या नावावर भाग आहे त्यानेच करायची.

वेगळ्या टीमबद्दल माझं मत: स्पर्धेसाठी नको. मुलींना पुढे मिश्र वर्गात, मिश्र कारखान्यात काम करायचं आहे, आणि तुमच्या मुलांनाही मुलीच्या हाताखाली काम करायची सवय आत्ताच लागलेली बरी. सुरुवातीच्या महिन्यासाठी मुलींचं वेगळं टेबल ठेवायला माझी हरकत नाही, पुष्कळदा त्याचा उपयोग होतो. पण 'मुलींची टीम' म्हणून वर्तमानपत्रात फोटो आणि रोबोला गुलाबी रंग, हे कृपा करून टाळा. त्यांच्या ग्रिपरबद्दल कोणी विचारलं तर त्याबद्दल बोलू द्या.

मुलींना उदाहरण द्यायचं तर लांब जाऊ नका. मध्य रेल्वेच्या निवृत्त रेल्वेचालक सुरेखा यादव सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांचा प्रवास किती पायऱ्यांचा होता हे मुलींना सांगा. साताऱ्याची मुलगी, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, १९८९ मध्ये सहायक ड्रायव्हर, २००० मध्ये मुंबईची लेडीज स्पेशल लोकल, २०११ मध्ये डेक्कन क्वीन, २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. आणि त्याआधीची ए. ललिता. अठराव्या वर्षी विधवा, पदरात तान्ही मुलगी, आणि १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पुढे भाक्रा-नांगलच्या वीजप्रकल्पाच्या कामातही त्यांचा हात होता. पण या दोघींपेक्षा तुमच्या शाळेची एखादी माजी विद्यार्थिनी जास्त उपयोगाची ठरेल, जी आज आयटीआय करते किंवा महापेला एखाद्या कंपनीत कामाला आहे. तिला बोलवा, भाषणाला नाही, दोन तास मुलींबरोबर टेबलावर काम करायला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, रोबो कोण चालवणार आणि हरलो तर काय सांगायचं. मुलगी आहे म्हणून कोणाला रिमोट देऊ नका. तिच्यावरही तो अन्याय आहे. हरली तर सगळं खापर तिच्यावर फुटेल, जिंकली तरी 'सरांनी दिलं' म्हणतील. ट्रायल घ्या. मात्र ट्रायलच्या आधी दहाही जणांना सारखा सराव मिळाला पाहिजे, नाहीतर तुम्ही कौशल्य मोजत नाही, आजवर रिमोट कोणाकडे होता ते मोजता. लॅबच्या दारावर एक कागद लावा: नाव, तारीख, चालवण्याची मिनिटं. प्रत्येकाची दोन तासांची भर झाल्याशिवाय ट्रायल नाही. ज्यांनी आजवर रोज चालवला ती मुलं या काळात शिकवतील, हात पाठीमागे ठेवून. मग सगळ्यांना तोच मार्ग, तीच बॅटरी पूर्ण चार्ज करून, प्रत्येकी तीन फेऱ्या, आणि तीनही फेऱ्यांची वेळ आणि गुण फळ्यावर सगळ्यांसमोर लिहायचे. पहिले दोघं चालक, तिसरा राखीव. त्यात एकही मुलगी आली नाही तरी निकाल बदलू नका. पुढच्या स्पर्धेच्या आधी तोच कागद पुन्हा दारावर लावा. आणि हरलात तर मुलांना काही समजवावं लागणार नाही, आकडे त्यांनीच लिहिलेले असतील.